वाड्यातली पहिल्या मजल्यावरची मोरी: कमोड बसवायचाय, लाकडी तळ झेपेल का?

नारायणपेठी
आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. आजोबांपासूनचे भाडेकरू. १९६१ च्या पुरात खालचा मजला बुडाला, वरचा वाचला, म्हणून अजून आहोत. मोरी पाच बाय चार फुटांची. वर शहाबादी, तिच्याखाली माती-चुना, त्याखाली तक्तपोशी (लाकडी फळ्या) आणि तिला पेलणाऱ्या सागवानी कड्या. संडास चौकापलीकडे, सामाईक. आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेले. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन तेवीस पायऱ्या उतरते. आता बास. मोरीतच कमोड आणि गरम पाणी हवंय.

पण मोरीचा तळ बसलाय. बादली कलंडली की पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे येतं. आणि खालच्या काकूंच्या देवघरात ठिबकतं. गेल्या महिन्यात त्यांनी अन्नपूर्णेवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि मला बोलावून दाखवली. बोलल्या काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

ठेकेदार म्हणतो, "वरून चार इंच कोबा (सिमेंटचा थर) मारू, टाइल लावू, दोन बाजूंना विटांची भिंत घालू. साहेब, बघतच राहाल." बघत राहायचीच धास्ती आहे. कोणी लाकडी मजल्यावर असं काम केलंय का?

ओळंबा
बांधकामात चाळीस वर्षं काढली, आता निवृत्त. ठेकेदाराला चहा पाजून रवाना करा.

हिशोब सोपा आहे. वीस चौरस फुटांवर चार इंच कोबा म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास. दोन बाजूंना सात फूट उंच चार इंची विटांची भिंत म्हणजे आणखी टनभर. तेही आधीच बसलेल्या कड्यांवर. लाकडी मजल्यावर वजन कमी करत जायचं असतं, वाढवत नाही.

आधी शहाबादी आणि माती काढा, तिथेच बरंच ओझं उतरेल. मग कड्यांची भिंतीत शिरलेली टोकं तपासा. सागवान मध्ये सहसा धड असतं. कुजतं ते टोकाला, भिंतीतली ओल पिऊन. मापं घेणारा नको, जुनी कामं केलेला सुतार बोलवा. तो पटाशी टोचून सांगेल. कुजलेल्या कडीला शेजारून नवी कडी बोल्टने जोडता येते, नाहीतर खालून लोखंडी चॅनेल द्या. चॅनेल असेल तर भिंतीत त्याच्या टोकाखाली घडीव दगड हवा, नुसत्या मातीच्या विटा चेपतात. आणि हे ठरवायला एकदा स्ट्रक्चरल इंजिनियरला प्रत्यक्ष दाखवाच, इथे लिहून कडी दिसत नाही.

कड्यांवर १८ मिमी मरीन प्लाय (आयएस ७१० शिक्का बघून, भवानी पेठेत मिळेल), त्यावर सिमेंट बोर्ड, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मग ॲडहेसिव्हवर पातळ टाइल. आडोसाही बोर्डाचाच.

सदाशिवची_सून
आमच्याकडे झालंय हे. दोनच गोष्टी सांगते.

कमोड मागून भिंतीतून निघणारा घ्या, पी ट्रॅपचा. खालून निघणारा घेतलात तर ११० मिमीचा पाइप काकूंच्या देवावरूनच जाईल! पाइप सरळ बोळाकडच्या भिंतीबाहेर काढा, व्हेंट, म्हणजे वास बाहेर सोडणारी नळी, छपराच्या वर न्या. भिंतीवर टांगायचा कमोड मात्र नको, मातीची भिंत तो पेलत नाही.

गॅस गीझर बंद मोरीत अजिबात नको. विषारी वायू साठतो, वास येत नाही, माणूस आतच राहतो. तीन लिटरचा विजेचा इन्स्टंट बसवा, भिंतीवर भारही कमी. त्याआधी वायरिंग बघा. आमच्याकडे अर्थिंगची वायर होती, पण ती कुठेच जोडलेली नव्हती! ३० एमएचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, लागतोच. आणि आजींसाठी कमोडशेजारी धरायला दांडा. तो बोर्डात स्क्रू मारून लावू नका, मागे आधीच लाकडी पट्टी टाकून घ्या.

अडीच_आणे_भाडे
एवढा खर्च कशाला? वाडा उद्या बिल्डरकडे जाणार. आणि मालकाला विचारलंत का? संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात जागा खाली करायला तेच कारण पुरतं. लेखी घ्या. तोंडी "करा हो" म्हणतात, कोर्टात आठवत नाही.

नारायणपेठी
सगळ्यांचे आभार. वाडा बिल्डरकडे जाणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. मालकांची सही मात्र घेतली, तिसऱ्या खेपेला.

मोरी उकरली. माती सत्तावीस घमेली निघाली, तळाची काळी आणि ओली. त्यात दोन गोट्या आणि माझ्या मुंजीतला चमचा. पाच कड्यांपैकी दोन गेलेल्या. सुताराने पटाशी लावली तर चहात बुडवलेल्या खारीत जावी तशी आत गेली. इंजिनियरने एका कडीला जोड द्यायला लावला आणि दुसरीखाली चॅनेल. तोवर आई कोथरूडला बहिणीकडे होती, रोज फोन: "झाली का रे मोरी?"

वॉटरप्रूफिंग तपासायला दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास भरून ठेवलं. काकूंनी खाली देवघरात वर्तमानपत्र अंथरलं आणि दोन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ हात फिरवून पाहिला. कोरडं. परवा आई आली. दांडा धरून बसली, उठली, म्हणाली, "जरा उंच झालाय, पण चालेल."

अन्नपूर्णेवरची पिशवी काकूंनी अजून काढलेली नाही. एक पावसाळा जाऊ दे म्हणाल्या.