एनपीएम ला सारखं परमिशन डिनाइड येतंय, ७७७ मारू का?

नवाकोडर:
मंडळी, उबुंटू २४.०४ टाकून दोनच आठवडे झालेत, आधी सगळं विंडोजवर केलंय त्यामुळे इथलं फारसं कळत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि एनपीएम (त्याची पॅकेजेस टाकणारं) ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या इन्स्टॉलरने टाकलं, नीट झालं. मग टाइपस्क्रिप्ट ग्लोबल (सगळ्या प्रोजेक्टसाठी) टाकायला गेलो तर ईॲक्सेस, परमिशन डिनाइड आणि खाली /यूएसआर/लोकल/लिब/नोड_मॉड्यूल्स असा पाथ. एका व्हिडिओत बघून पुढे सुडो (ॲडमिन म्हणून चालवणारी कमांड) लावलं, झालं. मग काय, प्रोजेक्ट तयार करताना पण सुडोच लावलं. आता व्हीएस कोडमधून पॅकेज.जेसन सेव्ह होत नाहीये, दर वेळी "रीट्राय ॲज सुडो" विचारतंय, आणि सुडोशिवाय एनपीएम इन्स्टॉल केलं की परत तीच बोंब. वर्गातला मित्र म्हणतो सरळ /यूएसआर ला आणि होमला (माझ्या स्वतःच्या फोल्डरला) सीएचमॉड -आर ७७७ मार, म्हणजे आतल्या सगळ्यावर सगळ्यांना पूर्ण परवानगी, कटकट मिटेल. मारू का? सोमवारी डेमो आहे, जाम टेन्शन आलंय.

टर्मिनलताई:
अजिबात मारू नकोस! प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एलएस -एल करून बघ, फायलींपुढे तुझ्या नावाऐवजी रूट रूट दिसेल. सुडो लावून जे काही तयार होतं त्याचा मालक रूट, म्हणजे ॲडमिन, होतो, म्हणून तुझ्याच घरातली फाइल तुला बदलता येत नाहीये. म्हणजे भानगड मालकीची आहे, परवानगी सगळ्यांना वाटून ती सुटत नाही. त्याच फोल्डरमध्ये उभं राहून मालक बदलायला सुडो चाऊन -आर $यूजर:$यूजर . एवढंच कर, आर आणि यूजर कॅपिटल, शेवटचा टिंब विसरू नकोस, आणि मारायच्या आधी पीडब्ल्यूडी करून आपण नक्की कुठे आहोत ते बघ. चुकून / मध्ये (सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये) उभा असशील तर सगळी सिस्टीमच तुझ्या नावावर होईल आणि मग सुडोसुद्धा चालणार नाही.

ग्लोबल पॅकेजचं म्हणशील तर आधी सुडो लावून टाइपस्क्रिप्ट काढून टाक, मग एनपीएम कॉन्फिग सेट प्रीफिक्स ~/.लोकल कर (इथे सुडो नाही) आणि परत टाक. आता सगळं तुझ्या होममध्येच जाईल. /यूएसआर मध्ये ॲप्टला त्याचं काम करू दे, आपण तिथे हात घालायचा नाही.

रांगडाकोडर:
भावा ताईंचं ऐक. मी हे केलंय, अगदी तुझ्यासारखंच, कुणीतरी सांगितलं म्हणून /यूएसआर ला ७७७ मारलं आणि पुढच्याच कमांडला सुडो म्हणालं की माझा मालक यूआयडी ० (म्हणजे रूट) पाहिजे आणि सेटयूआयडी बिट पाहिजे. सुडोच्या फाइलची परवानगी असते ४७५५, त्यातला पुढचा ४ हाच तो बिट, त्यामुळे ती फाइल कुणीही चालवली तरी रूट म्हणून चालते, आणि ७७७ मारलं की तो ४ च उडतो. एसयू, पासवर्ड बदलायची कमांड, सगळ्यांचं तेच. रिकव्हरी मोडमधून रूट शेलला जाऊन सुडो परत उभं केलं पण बाकी काय काय बिघडलंय ते शोधता शोधता रात्र गेली, शेवटी होमचा बॅकअप घेऊन नवीन टाकलं. आणि होमला पण मारू नको, ~/.एसएसएच मधली की (लॉगिनची खाजगी चावी) इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती घेतच नाही, मग गिट पुश (कोड सर्व्हरवर चढवणं) बंद.

नवाकोडर:
ताई, चाऊन केलं, सेव्ह व्हायला लागलं!! पण टाइपस्क्रिप्ट परत टाकून टीएससी (त्याची कमांड) मारलं तर /यूएसआर/लोकल/बिन/टीएससी नो सच फाइल म्हणतंय. तिथून तर काढलं ना?

टर्मिनलताई:
हो, बॅशने (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या शेलने) जुना पाथ लक्षात ठेवलाय. लॉगआउट करून परत लॉगिन कर, दोन्ही कामं होतील, जुना पाथ विसरेल आणि नवा सापडेल, कारण उबुंटूचं ~/.प्रोफाइल लॉगिनच्या वेळीच बघतं की ~/.लोकल/बिन आहे का, असेल तर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) घालतं. तुझ्याकडे तो फोल्डर आत्ताच तयार झालाय. पुढे नोडची दोन-तीन व्हर्जन लागली तर एनव्हीएम वापर, तेही होममध्येच बसतं, पण त्याला हे प्रीफिक्स चालत नाही, आधी ते काढावं लागेल. डेमो होईपर्यंत मात्र काही बदलू नकोस.

नवाकोडर:
आलं, टीएससी -व्ही ला व्हर्जन दाखवतंय, सुडोशिवाय! खूप खूप आभार दोघांचे. ज्याने ७७७ सांगितलं त्यालाही हे पाठवतो, त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर मारलंय की काय ते आजच विचारतो.