कांद्याची चटणी पावसाळाभर टिकवायची आहे: तुमचे अनुभव सांगा

नागाव, अलिबाग
भात कापल्यावर त्याच खाचरांत लावलेला पांढरा कांदा आमच्याकडे मार्चच्या सुमारास घरात येतो. पातीसकट वाळवायचा आणि मग बायका बसून त्याच्या माळा विणतात. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात तो सासूबाईंच्याही आधीपासून आहे. चवीला गोड, तिखटपणा अगदी कमी. अडचण एवढीच, की जूनची हवा लागली की माळेतला कांदा मऊ पडायला लागतो, कोंब येतात.

म्हणून गेल्या वर्षी चार किलोची चटणी केली. कांदा उभा पातळ चिरून तेलावर मंद आचेवर दोन तास, मग गूळ, लाल मिरची, लवंग आणि शेवटी चार आमसुलं. घावण्यांबरोबर मुलांनी पहिली बाटली दोन दिवसांत संपवली. उरलेल्या नऊ छोट्या बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या, झाकणं गच्च लावली आणि फडताळात ठेवल्या. जुलैच्या शेवटी तिघींची झाकणं वर आलेली. उघडल्या तर फेस. बाकीच्या सहा दिसायला चांगल्या होत्या, तरी मी त्याही टाकल्या. इतक्या मेहनतीचा जिन्नस टाकताना जीव तुटला.

तुम्ही कांद्याची चटणी, लोणचं किंवा मुरंब्यासारखं काही करून ठेवता का? आंबटाला काय घालता, बाटल्या कशा भरता, किती महिने टिकतं? जमलेलं सांगा, फसलेलंही सांगा.

गुहागर
आमच्याकडे कांद्याचं काही साठवत नाहीत. आठवड्यापुरती करते, फ्रीजमध्ये ठेवते, संपली की पुन्हा करते. दोन माणसांच्या घरात तेवढं पुरतं.

रत्नागिरी
नागावच्या ताई, त्या सहा बाटल्या टाकल्यात हे फार बरं केलंत. फळप्रक्रियेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कैरीचं लोणचं टिकतं, कारण कैरी मुळातच आंबट. त्यात मीठ भरपूर. कांद्याचं तसं नाही. कांद्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट जास्त), पाचाच्या वर असतो. बंद बाटलीतला पदार्थ घरगुती उकळीवर सुरक्षित राहायचा तर पीएच ४.६ च्या खाली हवा, मी स्वतः चारच्या आसपास आणतो. त्या रेषेच्या वर एक जंतू वाढू शकतो, क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम. तो मातीत असतो, म्हणजे कांद्या-लसणाबरोबर घरात येतोच. एरवी त्याचा त्रास नाही. पण हवा नाही, ओलावा आहे, आंबट नाही, अशी जागा मिळाली की तो विष तयार करतो. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत, त्यांना दाबाखाली १२१ अंश लागतात. वर तेलाचा थर दिला की चटणी सुरक्षित झाली, असं अनेक घरांत धरून चालतात. तेल बुरशीला अडवतं, पण हवाही अडवतं, आणि या जंतूला तेच हवं असतं.

तुमच्या तीन बाटल्या फुगल्या, फेसाळल्या, त्यांनी निदान कळवलं. हे विष कधीकधी वास देत नाही, चव बदलत नाही, झाकणही उचलत नाही. म्हणून शंका आलेली बाटली चाखून बघायची नाही. बोटभरसुद्धा नाही.

उपाय अवघड नाही. माझं प्रमाण: सोललेला कांदा १ किलो, व्हिनेगर ३०० मिली, गूळ १५० ग्रॅम, मीठ दोन चमचे. व्हिनेगर ५ टक्क्यांचं घ्या. दुकानात ४ टक्क्यांचंही मिळतं, तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचा आणि कमी असेल तर जास्त घाला. ते सुरुवातीला ओतू नका, आटताना आंबट वाफेबरोबर जातं. कांदा पूर्ण शिजून आटला की घाला आणि पुढे पाच-सात मिनिटं उकळी द्या. कांदा वाढवायचा असेल तर त्याच हिशेबात व्हिनेगरही वाढवा. गूळ-मिरची आपल्या जिभेप्रमाणे, आंबटाला मात्र हात लावायचा नाही.

देवगड
रत्नागिरीच्या दादांनी आंबटाचं सांगितलं, मी बाटल्यांचं सांगते. आमच्याकडे मे महिन्यात आमरसाच्या बाटल्या भरतात, परसात चुलीवर मोठं पातेलं, तळाला गोणपाट, त्यावर बाटल्या उभ्या. कांद्यालाही मी तीच रीत लावली आणि पहिल्याच वर्षी तीन बाटल्या तडकल्या, कारण गॅसवरच्या पातेल्यात तळाला काही घातलं नव्हतं. आता जुना पंचा दुमडून घालते. बाटली गरम, चटणी गरम, पातेल्यातलं पाणीही गरम. तिन्हींतलं एक जरी थंड असलं तरी काच धरत नाही. बाहेर काढल्यावर ओट्याच्या कडप्प्यावर ठेवायची नाही, लाकडी पाटावर कापड घालून त्यावर.

चटणी तोंडापर्यंत भरायची नाही, बोटाच्या पेराएवढी जागा सोडायची. कांद्याच्या पाकळ्यांमध्ये हवा अडकते, ती बांबूच्या काडीने कडेकडेने काढायची. काठ ओल्या फडक्याने पुसायचा. एक तंतू जरी काठावर राहिला तरी झाकण बसत नाही. मग पाव लिटरच्या बाटल्या, झाकणावर दोन बोटं पाणी येईल अशा, पंधरा मिनिटं खळखळ उकळायच्या. याहून मोठी बाटली मी घेत नाही. चटणी दाट असते, मधोमध उष्णता पोचायला वेळ लागतो.

निवताना झाकणं टक् टक् आवाज करत आत ओढली जातात. तो आवाज मी बाहेरच्या खोलीत बसूनही मोजते. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मध्यावर बोट दाबून बघते, वरखाली होत असेल तर ती बाटली फ्रीजमध्ये, आधी खायची.

मुरुड
समुद्राकाठच्या घरांसाठी एक सांगायचं राहतंय. खाऱ्या हवेने पत्र्याची झाकणं गंजतात. आमची खिडकी थेट किनाऱ्याकडे आहे, दोन महिन्यांत कडेला तांबूस रेषा दिसते. आता झाकणं दरवर्षी नवी घेते, आणि बाटल्या निवल्यावर धुऊन, कोरड्या पुसून, झाकणाचे पत्र्याचे डबे असतात त्यांत ठेवते.

वेंगुर्ला
आमच्या आजीचा शिरका, म्हणजे घरचं व्हिनेगर, माडाच्या ताडीचा. ताडी मडक्यात ठेवायची, तोंडाला फडकं, महिन्याभरात नाकाला झिणझिण्या आणणारा शिरका तयार. त्यात ती छोटे कांदे, हिरव्या मिरच्या आणि आलं घालायची. तिचं म्हणणं असायचं, "कांदो गोड आसा बाय, आंबटाबगर टिकाचो नाय." रत्नागिरीच्या दादांनी आकड्यांत सांगितलं ते तिच्या जिभेला ठाऊक होतं.

पण खरं सांगते, मी आता साठवणीच्या बाटल्यांत घरचा शिरका घालत नाही. दर खेपेला त्याचा जोर वेगळा. एकदा पावसाळी ताडीचा शिरका इतका मऊ निघाला की आठ दिवसांत कांदे बुळबुळीत झाले. आजी रोज मडकं हुंगायची, चाखायची, तिचं लक्ष असायचं. माझं नोकरीमुळे तेवढं होत नाही. म्हणून बाटलीबंद ठेवायला विकतचा, आकडा छापलेला. घरचा शिरका आजच्या आज खायच्या कांद्याला. तळलेल्या बांगड्याबरोबर त्याला दुसरं काही बरोबरी करत नाही.

कुडाळ
आमसुलांबद्दल. मी दोन वर्षं नुसत्या कोकम आगळावर, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसावर, कांदा करून पाहिला. रंग जांभळट काळा, चव फार सुंदर, व्हिनेगरचा उग्रपणा अजिबात नाही. पण आगळात किती आंबट आणि किती मीठ हे प्रत्येक घरचं निराळं. पीएचची पट्टी बुडवली तर कोकमाच्या रंगात तिचा रंगच कळेना. चार आमसुलं तर एवढ्या कांद्याला चवीपुरतीच झाली. आता व्हिनेगर पूर्ण मापाने घालते आणि आगळ वरून तीन-चार चमचे. शिजवायला पितळेचं किंवा अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, आंबट लागलं की धातूची चव उतरते. जाड बुडाचं स्टीलचं घ्या. शिवाय लसूण घातलात आणि व्हिनेगरमध्ये तो हिरवा-निळा पडला तर घाबरू नका, लसणाचा तो गुणच आहे.

दिवेआगर
फ्रीज आहे तर एवढा खटाटोप कशाला, असं मलाही वाटायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमची सुपारीची बाग दुपारपर्यंत आडवी झाली, कौलं गेली, वीज गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. फ्रीजमधलं सगळं तिसऱ्या दिवशी बाहेर काढून पुरलं. मासळी, दूध, वर्षभराचं ओलं खोबरं, कांद्याचा डबाही.

फडताळात आमरसाच्या आणि जावेने हट्टाने उकळून ठेवलेल्या कांद्याच्या सात बाटल्या होत्या. फडताळ पडलं नाही, एवढंच दैव. भाजी मिळत नव्हती, रस्ते झाडांनी बंद. तांदूळ घरचा होता. सकाळी पेज, दुपारी भात, आणि त्यावर तो आंबटगोड कांदा. शेजारच्या आजींना ताप होता, तोंडाला चव नव्हती, त्या पेजेबरोबर तेवढाच खायच्या. एक अख्खी बाटली त्यांच्याकडेच दिली. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये जावेबरोबर मीही बसते. दहा किलो कांदा चिरतो दोघी.

पेण
एक छोटी गोष्ट: बाटलीवर तारीख लिहा. वर्षाच्या आत संपवा. उघडली की फ्रीजमध्ये, आणि दरवेळी कोरडा चमचा.

नागाव, अलिबाग
सगळ्यांचं वाचून या रविवारी पुन्हा केली. तीन किलो कांदा, ९०० मिली व्हिनेगर, बाटलीवर ५ टक्के बघून घेतलं. गूळ मी थोडा वाढवला, आमच्या कांद्याची गोडी व्हिनेगरखाली दबते असं वाटलं. कुडाळच्या ताईंसारखं आगळ वरून तीन चमचे. तळाला पंचा, पाव लिटरच्या सात बाटल्या, पंधरा मिनिटं.

रात्री जेवताना टक् असा पहिला आवाज आला आणि सासूबाईंनी हात थांबवून विचारलं, काय तडकलं? सांगितल्यावर त्याही कान देऊन बसल्या. साडेनऊपर्यंत सहा मोजले. सातवी बसली नाही, ती फ्रीजमध्ये आहे, उद्या आंबोळ्यांबरोबर निघेल. उरलेल्या सहांवर तारीख लिहून त्या फडताळात मागच्या बाजूला ठेवल्यात. पहिली गौरींच्या दिवशी उघडायची ठरवली आहे, माहेरवाशिणी येतील तेव्हा.