रिपोर्टमध्ये क्रोमोसोम ४६च आहेत, मग डाऊन सिंड्रोम कसा?

चिऊची_आई:
नमस्कार, माझी मुलगी ४ महिन्यांची आहे, डोळे आणि तळहातावरची एकच आडवी रेघ बघून डॉक्टरांनी कॅरिओटाइप (रक्तातून क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्रांची तपासणी) करायला सांगितलं होतं, काल रिपोर्ट आला. मी तर वाचलेलं की डाऊनमध्ये ४६ऐवजी ४७ असतात पण आमच्यावर "४६,एक्सएक्स,डेर(१४;२१)(क्यू१०;क्यू१०),+२१" असं आहे, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट आलाय का? वर आता आम्हा दोघांचंही रक्त मागितलंय. मी २६ची आहे, सासूबाई म्हणतात ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून झालं. झोप उडालीये, कोणीतरी नीट सांगा प्लीज.

लॅबवाली:
ताई, ह्यात चूक काही दिसत नाही, मी क्रोमोसोमच्याच लॅबमध्ये आहे. शेवटचं "+२१" बघा. चिऊकडे २१ नंबरचे दोन सुटे आहेत आणि तिसरा एका १४ नंबरला चिकटलाय, ती जोडगोळी मोजताना एकच धरतात म्हणून आकडा ४६, पण आतला ऐवज दोनऐवजी तीन २१चा. रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात याला. डाऊनच्या १०० मुलांत साधारण ९५ जणांना सुटा तिसरा २१ असतो, चिऊसारखी ३-४च. आईचं वय वाढलं की धोका वाढतो तो त्या सुट्या प्रकाराचा, ह्याचा नाही.

तुमचं रक्त अशासाठी की दोघांपैकी एकाकडे ही जोडगोळी आधीपासून असू शकते, त्या माणसाचे ४५ भरतात आणि तब्येत ठणठणीत असते कारण ऐवज कुठे कमीजास्त नसतो. आईकडे निघाली तर पुढच्या बाळाला धोका साधारण १० ते १५ टक्के, वडिलांकडे निघाली तर त्याहून खूपच कमी. पुष्कळदा दोघांचेही नॉर्मल येतात. रिपोर्टला वेळ लागला तर घाबरू नका, पेशी तीनेक दिवस वाढवाव्या लागतात, मग रंगवून एकेक मोजतो आम्ही. आणि ही जोडणी बीजांड किंवा शुक्राणू तयार होतानाच झालेली असते हो, गर्भ राहायच्याही आधी, विळी आणि ग्रहण मध्ये येतंच कुठे!

बाबा_९:
वरचं सगळं बरोबर आहे पण चिऊची टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली का ते आधी सांगा, डाऊनच्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो, आणि थायरॉईडही बघून घ्या. फिजिओथेरपी आत्ताच सुरू करा, थांबू नका. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, सव्वादोन वर्षांचा झाल्यावर चालला, आता रोज सकाळी दुधाची पिशवी तोच आणतो, दोन्ही हातांनी छातीशी धरून. आमच्या आईचंही असंच चालायचं, शेवटी तिला काउन्सेलिंगला सोबत नेलं, क्रोमोसोमच्या जोड्या लावलेला फोटो मॅडमनी समोर ठेवला, तिने स्वतः बोट ठेवून मोजले आणि गप्प झाली, त्यानंतर बायकोला कधी बोलली नाही.

चिऊची_आई:
इको नाही झाली, उद्याच फोन करते. सासूबाईंना पण नेते बरोबर.