कंबरदुखी आणि डावा पाय बधिर: द्राक्षाचा माल निघेपर्यंत थांबलं तर चालेल का?

नमस्कार मंडळी. तासगाव भागात आमची द्राक्षबाग आहे, वय ४३. कंबर तशी जुनीच दुखते, तिचं काही वाटत नव्हतं. पण ऑक्टोबर छाटणी झाल्यापासून फवारणीसाठी सारखं ट्रॅक्टर-ब्लोअरवर बसणं, त्यात ओळीतले गचके. दिवाळीपासून कळ कंबरेतून डाव्या कुल्ह्यात आणि मांडीमागून पोटरीपर्यंत उतरलीय. नडगीची बाहेरची बाजू आणि अंगठा बधिर. शिंक आली की करंट बसतो. चालताना त्यामानाने बरं, बसलं की वाढतं.

एमआरआयमध्ये एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकून डावी नस दबलेली दिसते. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून मोकळे व्हा, दुसरे म्हणतात सहा आठवडे गोळ्या आणि फिजिओथेरपी, मग बघू. गावाचं तिसरं मत आहेच: पाय ओढून मणका बसवणाऱ्याकडे जा. तिथे मी जाणार नाही, पत्ते देऊ नयेत!

शुगर नॉर्मल आहे. माल निघायला फेब्रुवारी उजाडेल. तोवर पट्टा लावून ढकलता येईल का? ऑपरेशनशिवाय कुणी बरं झालंय का?

मिरजकर फिजिओ: गादी सरकलेल्या बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. त्यामुळे दुसरे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पण नुसत्या दुखण्यावर ठरवू नका, पायातली ताकद बघा. भिंतीला हात टेकून टाचांवर चाला. डावा चवडा वर राहतो का? चप्पल निसटते का? पट्टा कामापुरताच, दिवसभर नको. अंथरूणही धरू नका. ब्लोअर मात्र बंद.

धागाकर्ता: आत्ताच चालून बघितलं. उजवा चवडा राहतो, डावा खाली पडतो. चप्पल तर निसटतेच, म्हणून घरच्यांनी मागे पट्टा असलेले सँडल आणलेत.

मिरजकर फिजिओ: मग फेब्रुवारी विसरा. उद्याच मिरजेत किंवा सांगलीत स्पाइन सर्जनला नाहीतर न्यूरोसर्जनला दाखवा. एमआरआयच्या फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. ‘पंजा उचलत नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर बोलणं कंबरेवरच संपतं. आणि लघवी अडकली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधली बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, तडक इमर्जन्सीला.

धागाकर्ता: लघवीचा त्रास नाही. सकाळी निघतो. ब्लोअरला हंगामात माणूस मिळणं अवघड, पण भाऊजी दोन दिवस सांभाळतो म्हणालेत. गाडीत बसवेल का, एवढीच धास्ती.

मिरजकर फिजिओ: पुढची सीट मागे पाडा, कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. कळ वाढली की गाडी थांबवून चार पावलं चाला. स्वतः चालवू नका.