डेकोरेशनचा माल भलताच आला, दुकानदार पैसे परत देत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यात (जि. यवतमाळ) माझं लग्न-बारशाच्या स्टेज डेकोरेशनचं काम आहे. मी अन् लहान भाऊ, दोघंच. कापडी फुलं, नेट, रिबीन सगळं नागपूरहून ट्रॅव्हल्सनं मागवतो. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

तुळशीचं लग्न झालं, सीझन लागला, तसे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाहून अबोली आणि पांढऱ्या गुलाबांचे बंच सांगितले. खोकी उघडली तर अबोलीच्या जागी राणी कलर! वरून बंच उचलला की फुलं देठातून सुटून हातात येतात. आत गोंदाचा नुसता एक थेंब. नवरीच्या शालूला जुळेल असाच रंग लग्नघरच्यांनी सांगितला होता. शेवटी यवतमाळहून चढ्या भावात माल उचलून काम निभावलं.

दुकानात फोन केला. ऑर्डर घेताना 'दादा, दादा' करणारा माणूस आता म्हणतो, "फोटोत अन् मालात थोडाफार फरक येतेच भाऊ. पैसे नाही भेटत, बदलून घेऊन जा." बदलून देणार तोही त्याच लॉटमधला, अन् परतीचं भाडं माझ्या माथी. बिल कच्चं, चिठ्ठीवर नुसती रक्कम. पैसे मात्र यूपीआयनं दिलेत, चॅटही आहे.

धंद्यासाठी घेतलेल्या मालाची ग्राहक म्हणून तक्रार चालते का? गावात सगळे नाहीच म्हणतात. आणि त्यासाठी नागपूरला खेटे घालावे लागतील का?

प्रतिसाद: पुढे विकायला घेतलेला माल असेल तर चालत नाही, हे खरं. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेल्या मालाला त्यातून सूट आहे. तुम्ही तीच फुलं पुढच्या स्टेजला परत लावता ना? मग तुमची बाजू बरी आहे. बुके करून विकत असाल तर अवघड. तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून पाहा. चॅट, यूपीआयची नोंद आणि ट्रॅव्हल्सची पावती सांभाळा. ते सुटलेले बंच फेकू नका.

धागाकर्ता: आभारी आहे दादा, जीव भांड्यात पडला. बंच आहेत. पावती खोक्यालाच चिकटवलेली होती अन् खोकी आईनं चुलीत घातली. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पार्सलची दुसरी कॉपी राहते का, कोणी काढलीय का?