मुलकोवालची बाटली: हाफकिन यांच्यावरचा ठपका योग्य होता का?

रानवारा

हाफकिन म्हटलं की परळची संस्था आठवते, सर्पदंशावरची लस आठवते, पोलिओचे थेंब आठवतात. पण ज्या माणसाचं हे नाव, त्याच माणसावर परळच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या प्लेगच्या लशीच्या एका बाटलीपायी १९ जणांच्या मृत्यूचा ठपका आला होता. परवा आमच्या सोसायटीत गोवराच्या लशीवरून बराच वेळ वाद झाला. एका तरुण आईचा प्रश्न होता, "बाळाला काही झालं तर जबाबदार कोण?" तेव्हापासून हे प्रकरण डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्याचे. वाल्डेमार हाफकिन तेव्हा कलकत्त्यात पटकीच्या (कॉलऱ्याच्या) लशीवर काम करत होते. त्यांना मुंबईला बोलावून ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडी जागा दिली. मटणाच्या रश्शासारख्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे म्हणजे जंतूंची वाढ त्या तवंगाला धरून खाली लोंबत राहते, मग तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक घालायचं, अशी ती कृती. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी पहिला डोस स्वतःला टोचून घेतला. तोही नंतर लोकांना दिला त्याच्या कितीतरी पट, १० घनसेंटिमीटर.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या ज्या १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली, त्या सगळ्यांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्या कुणालाही धनुर्वात झाला नाही.

सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ठरवलं की बाटली गावात उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच दूषित झाली होती. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं, १९०४ मध्ये ते इंग्लंडला परतले. चौकशीची कागदपत्रं जगासमोर यायला मात्र १९०६ साल संपत आलं. ती वाचून रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं आणि आरोप सिद्ध होत नाही असं सांगितलं. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतलं.

माझं म्हणणं असं की या प्रकरणात खरा अपराध कागद तीन-चार वर्षं दाबून ठेवण्याचा होता. लशीनंतर काही विपरीत घडलं तर ते कसं घडलं हे लवकर आणि उघडपणे सांगणं, यावर लोकांचा विश्वास टिकतो. तेच झालं नाही, आणि एका माणसाला बळी देऊन सरकार मोकळं झालं.

खडूफळा

अर्धं मान्य आहे, अर्धं अजिबात नाही. तुम्ही लशीची कृती सांगितलीत, पण मुलकोवालला गेलेली लस त्या कृतीची नव्हतीच. पंजाबात मोठी मोहीम हाती घेतली होती, मागणी भरमसाट वाढली होती, म्हणून हाफकिन यांनी नवी, झटपट पद्धत आणली आणि तीत कार्बोलिक ॲसिड वगळलं. धनुर्वाताचे बीजाणू किती चिवट असतात! प्लेगचा जंतू ज्या उष्णतेत मरतो तिच्यात ते आरामात तगून राहतात. थोडं कार्बोलिक असतं तर ते मेले नसतेही कदाचित, पण बाटलीत त्यांची वाढ रोखली गेली असती. सुरक्षेचा एक थर काढून टाकायचा आणि मग "आरोप सिद्ध झाला नाही" म्हणायचं, हे मला पटत नाही. औषध बनवणाऱ्याने घाई केली तर त्याला जाब विचारलाच पाहिजे, मग तो केवढा का मोठा संशोधक असेना.

रानवारा

कार्बोलिक वगळलं हे खरं. पण ते गुपचूप केलेलं नव्हतं. कार्बोलिकशिवाय नुसती उष्णता वापरायची पद्धत पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रुळलेली आहे असं हाफकिन यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि बाटली परळला दूषित झाली असती तर काय दिसलं असतं, याचा विचार करा. लस तयार होऊन एकेचाळीस दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत धनुर्वाताचे जंतू आत माजले असते तर झाकण काढताच घाण वास सुटला असता. उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा काही वास आला नव्हता. शिवाय साक्षींतून समोर आलं की बुच काढताना चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला आणि तो नीट उकळून न घेता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून परत वापरला. पंजाबातल्या खेड्यातली जमीन, गुराढोरांचा वावर. धनुर्वाताला आणखी काय हवं?

उपकेंद्रातली ताई

मी बावीस वर्षं लसीकरणाचं काम केलंय, आधी डोंगरातल्या उपकेंद्रात, मग सपाटीवर. रानवारा, तुम्ही चिमट्याची गोष्ट अशी सांगितलीत की वाचणाऱ्याला वाटावं, दोष मदतनिसाचा. मला हे टोचतं. त्या दिवशी एकशे सात माणसं रांगेत उभी होती. शंभरावर माणसं, एक चिमटा, चूल कुठे, भांडं कुठे, उकळायला वेळ कोण देणार? चिमटा पडणारच. माझ्याही हातून वस्तू पडल्यात. फरक एवढाच की आज माझ्या हातात एकदाच वापरता येणारी, आपोआप निकामी होणारी सिरिंज असते. गोवराची कुपी पातळ केली की चार तासांत टाकून द्यायची, लेबलवर उघडल्याची वेळ लिहायची, टोचल्यावर मुलाला अर्धा तास बसवून ठेवायचं. हे नियम कुणाच्या तरी मरणातून आलेत. थकलेल्या माणसाकडून चूक झाली तरी ती रुग्णापर्यंत पोचू नये, अशी सोय लागते. ती सोय तेव्हा परळनेही दिली नव्हती आणि सरकारनेही नाही. एका बाटलीत वीसेक माणसांचं औषध भरायचं ही रीत हाफकिन यांच्याच व्यवस्थेतली, बरं का.

खडूफळा

ताई, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं म्हणालात. प्रश्न एकट्या हाफकिनचा नसेलही. पण जबाबदारी घ्यायला माणूस लागतोच.

गल्लीतला डॉक्टर

सगळे मुलकोवालवरच थांबलेत. लस सुरक्षित आणि उपयोगी आहे हे सिद्ध कसं केलं, तेही बघू. भायखळ्याच्या तुरुंगात जानेवारी १८९७ च्या शेवटी प्लेग घुसला, तेव्हा ज्या कैद्यांनी आपणहून हात पुढे केला त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. आकडे लशीच्या बाजूचे निघाले. पण हात पुढे करणारा कैदी आणि न करणारा कैदी सारखे असतात का? हाफकिन यांच्या कामाचं मला कौतुक याचं वाटतं की ते तिथे थांबले नाहीत. १८९८ मध्ये बडोद्याजवळ उंधेरा गावात त्यांनी प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. तेच घर, तेच उंदीर, तेच जेवण. टोचलेल्यांत मृत्यू फार कमी झाले. लस संसर्ग पूर्ण थांबवत नव्हती, टोचलेलेही काही मेले, आणि ते आकड्यांत लपवलेलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ही पद्धत वापरणारा माणूस बेफिकीर होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कसबा पेठ

डॉक्टरसाहेब, कैद्याने "आपणहून" हात पुढे केला, या शब्दाशी मी अडखळतो. मी पुण्याचा. १८९७ चा पुण्याचा प्लेग आमच्या घरात पणजीच्या तोंडून उतरत आलाय: सोजीर घरात शिरत, देवघरापर्यंत जात, बायकांनाही बाहेर काढून तपासत. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, आणि जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. असल्या वातावरणात लस घ्या, म्हणजे विलगीकरणाच्या छावणीतून सूट मिळेल, असं काही ठिकाणी सांगितलं गेलं. याला स्वेच्छा म्हणायची? हाफकिन स्वतः सक्तीच्या विरोधात होते हे मी मानतो. पण त्यांची लस ज्या हातांतून लोकांकडे आली, ते हात लोकांना ओळखीचे होते. त्यामुळे अविश्वास मुलकोवालच्या आधीपासूनच होता. कागद वेळेवर छापले असते तरी तो फिटला नसता.

गल्लीतला डॉक्टर

हे खरं आहे. पण त्याच काळात इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि पाठोपाठ खोजा समाजातले कितीतरी लोक पुढे आले, कारण सांगणारा आपला होता. म्हणजे अविश्वास फिटू शकत होता, फक्त सरकारी बुटांच्या आवाजात नाही.

रानवारा

ताई, तुमच्या बोलण्यावर दिवसभर विचार केला. मदतनिसाकडे बोट दाखवून हाफकिन यांना सोडवताना मीही तेच करत होतो, जे सरकारने हाफकिन यांच्याबाबत केलं. ते मागे घेतो. घाईचा खडूफळांचा मुद्दाही मान्य: मागणी वाढली म्हणून कृती बदलली, तर नव्या कृतीची पुरेशी परीक्षा व्हायला हवी होती.

कागद दाबल्याचा मुद्दा मात्र सोडत नाही. साक्षी १९०३ मध्येच नोंदल्या गेल्या होत्या. चिमट्याची गोष्ट तेव्हाच छापली असती तर उकळण्याची सक्ती, बुच काढायची नीट पद्धत, हे सगळं पुढच्या मोहिमांना लगेच मिळालं असतं. हाफकिन १९०७ च्या अखेरीस कलकत्त्याला परतले, पण मोठ्या चाचण्यांपासून त्यांना दूरच ठेवलं गेलं. १९१४ मध्ये निवृत्त झाले, १९३० मध्ये लोझानला वारले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

उपकेंद्रातली ताई

नाव संस्थेला मिळालं, बरं झालं. मुलकोवालच्या १९ जणांची नावं मात्र या अख्ख्या चर्चेत कुणी घेतली नाहीत, मीही नाही, कारण मला ती माहीत नाहीत. परवाच्या सत्रात एका आजीने मला विचारलं, "पोरीला ताप आला तर कुणाला फोन करू?" मी माझा नंबर लसीच्या कार्डावर मागच्या बाजूला लिहून दिला. रानवारा, तुमच्या सोसायटीतल्या त्या आईलाही कुणीतरी नंबर लिहून द्या.