करारांतून आणि कायद्यांतून इंग्रजी ‘शॅल’ (shall) हा शब्द हद्दपार करावा का?

निशिगंधा: मुलाच्या भाड्याच्या घराचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार वाचत होते. एकाच पानावर ‘शॅल’ चार अर्थांनी आला. करार अमुक तारखेपासून लागू होईल, ही नुसती माहिती. भाडं ५ तारखेच्या आत भरायचं, हे कर्तव्य. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, ही मनाई. पार्किंग वापरता येईल, हा हक्क. अनामत रक्कम परत मिळणं ज्या शब्दावर ठरतं, तो इतका सैल असून कसं चालेल? दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या राज्यघटनेत कर्तव्यासाठी सरळ ‘मस्ट’ आहे. अमेरिकेने २००७मध्ये संघीय न्यायालयांचे दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्याने लिहिताना ‘शॅल’ काढून टाकला. आपणही काढावा.

जुना_वकील: ताई, अमेरिकेची पुढची गोष्टही सांगा. तिथल्या नियम ५६मध्ये, म्हणजे पूर्ण सुनावणीशिवाय निकाल देण्याच्या नियमात, ‘शॅल’च्या जागी ‘शुड’ घातला होता. २०१०मध्ये ‘शॅल’ परत आणावा लागला, कारण वर्षानुवर्षांच्या निकालांनी त्या शब्दाला आलेला अर्थ ना ‘शुड’मध्ये मावत होता, ना ‘मस्ट’मध्ये. आपल्याकडेही निकालांची मोठी परंपरा उभी आहे. शब्द बदलला की तेच वाद पहिल्यापासून लढावे लागतील आणि त्याचा खर्च पक्षकाराच्या माथी.

निशिगंधा: त्याच परंपरेत १९५७चा मनबोधन लाल खटला येतो ना? आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ३२० म्हणतो, शिस्तभंगाच्या प्रकरणात लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जाईल. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. कर्मचाऱ्याने मग त्या शब्दावर विसंबायचं तरी कसं?

तालुका_कोर्ट: दोघंही शब्दालाच धरून बसला आहात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ८ नियम १ बघा. प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्यायची, फार तर ९० दिवसांत. तिथे ‘शॅल’च आहे, तरी २००५मध्ये न्यायालयाने ही मुदत ताणता येते असं ठरवलं. वाणिज्यिक दाव्यांसाठी २०१५मध्ये याच नियमात बदल झाला: १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्क जाईल आणि न्यायालय ती दाखल करून घेणार नाही. २०१९मध्ये निकाल आला, ही मुदत पक्की. ‘शॅल’ दोन्हीकडे होता. फरक पडला तो चुकल्यास काय होईल हे लिहिल्याने. ‘मस्ट’ घालूनही परिणाम लिहिला नाही, तर न्यायाधीश पुन्हा अर्थच लावत बसणार. ताईंच्या करारात अनामत परत करण्याची तारीख आणि उशीर झाल्यास व्याज आहे का, ते आधी तपासा.

जुना_वकील: हे शंभर टक्के मान्य. पण मग ‘शॅल’ हाकलायचं कारणच उरत नाही.

निशिगंधा: उरतं. कोर्टात जाणाऱ्यांपेक्षा नुसता करार वाचून सही करणारे कितीतरी जास्त आहेत, त्यांना एका वाचनात कळायला हवं. मराठी मसुद्यातही हेच दुखणं आहे. ‘रक्कम परत करील’ हे वचन, बंधन की अंदाज? ‘परत करणे बंधनकारक राहील’ लिहिलं की शंका मिटते. तारीख आणि व्याज मी घालून घेणारच आहे, पण ‘करील’ही बदलायला सांगणार.

तालुका_कोर्ट: नोंदणीच्या आधी सांगा. नंतर दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागेल.